टाक्याचे मोल : शेटलंड बेटांवरील विणकामाचा एक अभ्यास

हस्तकलेविषयी बोलताना आपण सहसा दोनच सूर लावतो. एक कौतुकाचा आणि दुसरा हळहळीचा. ‘किती सुंदर काम आहे!’ असे म्हणून वस्तू हातातून खाली ठेवायची आणि ‘आता अशी कारागिरी राहिली नाही हो’ असे म्हणत पुढच्या दुकानात शिरायचे, हा आपला नित्याचा शिरस्ता आहे. परंतु कौतुकाने कोणाचे पोट भरत नाही आणि हळहळीने कोणाची चूल पेटत नाही. कारागिराच्या कामाचा मोबदला कोण देतो, तो कोणत्या रूपात देतो आणि किती द्यायचा हे कोण ठरवतो, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून हस्तकलेचा अभ्यास पुरा होत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी येथे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरील विणकामाचे उदाहरण घेतले आहे. हे उदाहरण दूरचे असले, तरी त्यातून मिळणारा धडा आपल्या गल्लीतील लोकरीच्या दुकानापर्यंत येऊन पोहोचतो.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. मराठीत ‘विणकाम’ हा एकच शब्द आपण मागावरच्या कामालाही वापरतो आणि सुयांवरच्या कामालाही. या लेखात विणकाम म्हणजे सुयांवरचे, सुलट-उलट टाक्यांचे विणकाम असे समजावे.

बेटे, मेंढ्या आणि माणसे

शेटलंड हा शंभराहून अधिक लहानमोठ्या बेटांचा समूह आहे. त्यांपैकी सोळाच्या आसपास बेटांवर वस्ती असून एकूण लोकसंख्या सुमारे २३ हजार आहे. लरविक हे तेथील मुख्य शहर. १४६९ साली ही बेटे डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली आणि ती पुढे कधी सोडवली गेली नाहीत. त्यामुळे तेथील बोलीत, शेतीत आणि चालीरीतींत नॉर्वेच्या खुणा आजही दिसतात. झाडे विरळ, वारा अखंड, जमीन कसदार नाही. अशा ठिकाणी माणसाने जगावे ते समुद्राच्या आणि मेंढीच्या आधारावर.

शेटलंडची मेंढी लहान चणीची असते, पण तिची लोकर विलक्षण मऊ. पांढऱ्यापासून करड्या, तांबूस तपकिरी आणि काळ्या रंगापर्यंत तिच्या नैसर्गिक छटा इतक्या, की प्रत्येक छटेला बेटांच्या बोलीत स्वतंत्र नाव आहे. पूर्वी ही लोकर कातरीने कापत नसत. उन्हाळ्याच्या सुरुवातीस ती मुळापाशी आपोआप सैल होते, तेव्हा हातानेच अलगद उपटून घेत. या रीतीला तेथे ‘रूइंग’ म्हणतात. कातरीचे टोक न लागल्यामुळे लोकरीचा तंतू अखंड राही आणि त्यातून केसासारखे बारीक सूत कातता येई.

पुरुष मासेमारीला जात आणि बायका शेत, घर व जनावरे सांभाळून विणत. विणण्यासाठी वेगळा वेळ काढणे त्यांना परवडण्यासारखे नव्हतेच. पाठीवर ‘किशी’ नावाच्या टोपलीतून जळणाचे पीट वाहून आणतानाही त्यांचे हात सुयांवर चालू असत. त्यासाठी कमरेला चामड्याचा पट्टा बांधत. त्यावर घोड्याचे केस भरलेली एक छिद्रांची गादी असे. एका सुईचे टोक त्या छिद्रात रोवले, की सुई स्थिर राही आणि हात मोकळा होऊन वेगाने चाले. बेटांच्या बोलीत विणकामाला ‘मॅकिन’ म्हणतात. मॅकिन म्हणजे नुसते ‘करणे’. जे काम अहोरात्र चालू असते त्याला निराळे नाव कशाला, असाच जणू त्या शब्दाचा भाव आहे.

समुद्र मात्र दर वेळी माणसे परत देत नसे. १८३२ च्या जुलैमधील वादळात १०५ आणि १८८१ च्या जुलैमधील वादळात ५८ कोळी बुडाले. काही तरुण दर्यावर्दी होऊन गेले, काही परदेशी स्थायिक झाले. परिणामी एकोणिसाव्या शतकात बेटांवर स्त्रियांची संख्या पुरुषांहून बरीच अधिक होती. विधवा, अविवाहित बहिणी, म्हाताऱ्या आया अशा कित्येक घरांत विणकाम हेच उत्पन्नाचे मुख्य साधन होते. विरंगुळा म्हणून विणणाऱ्या या बायका नव्हेत, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील हकीकतीतील दुखणे कळते.

मोज्यांपासून शालीपर्यंत

सतराव्या शतकात हेरिंग माशांसाठी येणारे डच कोळी लरविकजवळच्या खाडीत नांगर टाकत, तेव्हा शेटलंडच्या बायका त्यांना लोकरी मोजे विकत. हा व्यवहार समोरासमोरचा होता. विकणारी आणि घेणारा यांच्यामध्ये कोणी नव्हते.

एकोणिसाव्या शतकात मोज्यांचा धंदा मंदावला, तेव्हा जाळीदार शालींचे युग आले. १८३९ मध्ये ऑक्सफर्डचा एक व्यापारी एडवर्ड स्टँडन बेटांवर आला आणि त्याने हे नाजूक काम लंडनच्या बाजारात नेले. सर्वांत उत्तरेकडील अन्स्ट बेटावरच्या बायका इतकी बारीक शाल विणत, की सुमारे दोन वार लांब-रुंद शालीचे वजन दोन-तीन औंस भरावे आणि ती लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता यावी. आपल्याकडे ढाक्याच्या मलमलीविषयी हेच सांगतात, हे वाचकांना आठवेल. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनातही शेटलंडचे विणकाम मांडलेले होते.

या प्रसिद्धीत आर्थर अँडरसन या शेटलंडच्या सुपुत्राचा वाटा मोठा. १८३७ मध्ये त्याने तरुण व्हिक्टोरिया राणीला शेटलंडचे तलम मोजे नजर केले. राणीने वापरले म्हटल्यावर सरदारघराण्यांतून मागणी येणारच! हाच अँडरसन पेनिन्शुलर अँड ओरिएंटल, म्हणजे ‘पी. अँड ओ.’ या जहाज कंपनीचा एक संस्थापक. या कंपनीची जहाजे पुढे डाक आणि उतारू घेऊन मुंबई बंदरात येत असत. मुंबईच्या धक्क्याला लागणाऱ्या त्या प्रचंड आगबोटींचा एक धागा शेटलंडच्या कोळीवाड्यात असा जाऊन पोहोचतो. बुडालेल्या कोळ्यांच्या व खलाशांच्या विधवांसाठी अँडरसनने १८६५ मध्ये लरविकला घरेही बांधून दिली.

चहा मिळेल, पैसे नाहीत

येथवरची हकीकत कौतुकाची झाली. आता हिशेबाकडे वळू.

शाल विणून झाली की विणकरीण ती लरविकच्या किंवा गावच्या दुकानदाराकडे नेई. दुकानदार ती उलटसुलट करून पाही आणि किंमत सांगे. पण ती किंमत नाण्यांत हाती पडत नसे. तेवढ्या किमतीचा माल त्याच्याच दुकानातून उचलावा लागे. त्यातही मुख्यतः चहा आणि कापड. तत्काळ काही नको असेल, तर दुकानदार एक चिठ्ठी लिहून देई. तिला ‘लाइन’ म्हणत. ती चिठ्ठी दाखवून पुढे केव्हातरी त्याच दुकानात माल घ्यायचा. रोख एखादा शिलिंग मागितला, तर बहुधा नकारच. वस्तूंच्या रूपाने मजुरी देण्याच्या या रीतीला इंग्रजीत ‘ट्रक’ पद्धत म्हणत. आपल्याकडे ‘उचल’ या शब्दामागे जे दुष्टचक्र आहे, त्याचीच ही सख्खी बहीण.

याचे परिणाम काय झाले? घरात पीठ नाही आणि हाती चहाची पुडी आहे, अशी स्थिती येई. मग ती बाई तो चहा घेऊन शेजारच्या शेतकऱ्याकडे जाई आणि त्याच्या बदल्यात पीठ मागे. भाडे चहाने भरता येत नसे. अंगावर चांगले कापड आणि पोटात भूक, असे विचित्र दृश्य त्या काळी लरविकमध्ये दिसत असे. शिवाय शाल विणायला लागणारे बारीक सूत विकत घ्यायचे झाले, तर त्याला मात्र रोख पैसे मोजावे लागत. म्हणजे कच्चा माल रोखीने आणि पक्का माल चहावर! या हिशेबात विणकरीण कधी वर येणार?

१८७२ च्या जानेवारीत विल्यम गथरी याने सरकारी आयोगाच्या वतीने शेटलंडमध्ये साक्षी घेतल्या. कित्येक विणकरणींनी पुढे येऊन आपला हिशेब सांगितला. ज्याच्या दुकानावर आपले पोट अवलंबून आहे त्याच्याविरुद्ध साक्ष देणे सोपे नसते. त्या साक्षींचा अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. सामान्य कारागीर स्त्रियांनी आपल्या तोंडाने आपली मजुरी सांगितल्याची नोंद म्हणून तो आजही अभ्यासकांच्या दृष्टीने मोलाचा आहे.

आता दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की शाल जितक्याला घेतो जवळजवळ तितक्यालाच दक्षिणेकडे विकतो, आमचा नफा काय तो चहा-कापडावर. रोख द्यायचे तर भाव कमी द्यावा लागेल. हे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. परंतु त्यातूनच खरी गोम उघड होते. एकाच शालीला दोन भाव होते, एक मालाचा आणि एक रोखीचा. ज्या समाजात वस्तूची किंमत एकाच नाण्यात मांडता येत नाही, तेथे कारागिराला आपल्या श्रमाचे मोल कळतच नाही, मग ते मागणार कसे?

कायद्याचीही गंमत पाहण्यासारखी आहे. मजुरी पैशांतच द्यावी असा कायदा ब्रिटनमध्ये १८३१ सालीच झाला होता. पण स्वतःच्या लोकरीची शाल विणून विकणारी बाई कायद्याच्या लेखी ‘मजूर’ नव्हती. ती ‘विक्रेती’ होती. दुकानदार मालक नव्हता, तो ‘खरेदीदार’ होता. एका शब्दाच्या फरकाने हजारो बायका कायद्याबाहेर राहिल्या. १८८७ च्या दुरुस्तीने घरी बसून लोकरी वस्तू करणाऱ्यांना, पाच पौंडांपेक्षा कमी किमतीच्या मालापुरते, मजुरांप्रमाणे संरक्षण दिले. तरीही वस्तूंच्या देवघेवीची ही चाल पुढे कित्येक दशके रेंगाळत राहिली. कायद्याने दार उघडते, पण दारातून बाहेर पडायला दुसरी वाट असावी लागते.

ती दुसरी वाट हळूहळू तयार झाली. १८८३ मध्ये ब्रिटनच्या टपालखात्याने पार्सलसेवा सुरू केली आणि दूरच्या गिऱ्हाइकाला थेट माल धाडणे सोपे झाले. दुसऱ्या महायुद्धात बेटांवर सैनिक आणि खलाशी मोठ्या संख्येने आले. ते विणकरणींच्या दारात येऊन रोख पैसे देऊन स्वेटर घेऊ लागले. गिऱ्हाइकाची आणि कारागिराची गाठ पडली, तसा चहाचा हिशेब संपला. डच कोळ्यांच्या काळचा समोरासमोरचा व्यवहार जणू तीनशे वर्षांनी परत आला.

एका स्वेटराचे गणित

शेटलंडच्या दक्षिणेस फेअर आयल नावाचे एक चिमुकले बेट आहे. तेथील रंगीत नक्षीचे स्वेटर जगभर त्याच नावाने ओळखले जातात. या नक्षीत रंग पुष्कळ दिसतात, पण एका ओळीत दोनच रंग वापरायचे असा नेम आहे. जो रंग त्या टाक्यात नको असेल तो मागून सोडत न्यायचा. १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सने गोल्फ खेळताना असा स्वेटर घातला आणि त्याचे वेड पसरले. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील गिर्यारोहकांनीही शेटलंडचे स्वेटर वापरले होते.

असा एक स्वेटर विणायला किती श्रम पडतात? आपण गणितच मांडू. समजा, दहा सेंटिमीटरांत ३२ टाके आणि ३२ ओळी बसतात. अंगाचा घेर १०० सेंटिमीटर धरला, तर एका फेरीत ३२० टाके आले. उंची ६० सेंटिमीटर म्हणजे १९२ फेऱ्या. अंगाचे टाके झाले ६१,४४०. बाहीचा सरासरी घेर ३० सेंटिमीटर आणि लांबी ४५ सेंटिमीटर धरली, तर एका बाहीचे १३,८२४ आणि दोन्हींचे २७,६४८ टाके. एकूण बेरीज ८९,०८८. मिनिटाला २५ टाके या वेगाने, हात न थांबता विणले, तर ३,५६३ मिनिटे, म्हणजे जवळजवळ ६० तास लागतात. त्यात चुकलेले उसवणे, धागे आत ओवणे, धुऊन ताणून वाळवणे धरलेले नाही.

साठ तास म्हणजे रोज आठ तासांप्रमाणे साडेसात दिवस. आता वाचकाने आपल्या गावातील कोणत्याही कसबी कारागिराची रोजची मजुरी घ्यावी, तिला साडेसातने गुणावे आणि वर लोकरीची किंमत मिळवावी. जी रक्कम येईल ती, आणि हाताने विणलेल्या स्वेटरासाठी आपण प्रत्यक्षात मोजायला तयार असतो ती रक्कम, शेजारी शेजारी लिहून पाहावी. या दोन आकड्यांमधील अंतर कोणीतरी भरून काढत असते. १८७२ मध्ये ते शेटलंडची विणकरीण भरत होती. आज आपल्या घरी ते बहुधा आपली आई, मावशी किंवा शेजारच्या काकू भरतात, आणि त्याला आपण ‘हौस’ असे गोड नाव देतो.

चांगले दुकान कसे ओळखावे

वरील हकीकतीवरून कोणी म्हणेल, की मग सगळा दोष लहान दुकानदाराचा. तसे नाही. लहान दुकान लहान आहे म्हणून चांगले होत नाही आणि वाईटही होत नाही. ते विणणाऱ्याला मोकळे करते की बांधून ठेवते, यावर त्याचे चांगलेपण ठरते.

लरविकमध्येच याचे दुसरे उदाहरण आहे. ‘जेमिसन अँड स्मिथ’ ही पेढी बेटांवरील शेकडो लहान शेतकऱ्यांकडून दरवर्षी लोकर विकत घेते, तिची प्रतवारी करते आणि विणण्याचे सूत करून विकते. तिचा २५ ग्रॅमचा गुंडा सुमारे ११५ मीटर भरतो. नक्षीकामाला लागणाऱ्या बारीकसारीक छटा तेथे एकेक गुंडा सुटा मिळतो. वरवर साधी वाटणारी ही सोय फार महत्त्वाची आहे. रंगीत नक्षीच्या स्वेटराला आठ-दहा रंग लागतात, पण एखादा रंग जेमतेम एक गुंडा लागतो. मोठ्या गिरणीला एक गुंडा विकणे परवडत नाही, लहान दुकानाला ते करावे लागते. आपल्याकडे लुधियानाच्या गिरण्यांची लोकर विकणाऱ्या गल्लीतल्या दुकानाचे कामही हेच. बाही अर्धी झाल्यावर लोकर संपली, तर त्याच रंगाच्या त्याच लॉटची लडी फळीवरून शोधून देणारा, उरलेला गुंडा परत घेणारा, चुकलेली ओळ मोजून दाखवणारा दुकानदार म्हणजे नुसता विक्रेता नव्हे. तो त्या कलेचा अर्धा शिक्षक असतो. असे दुकान बंद पडले, की गावातील विणकामाची एक शाळाच बंद पडते.

१९७० च्या दशकात शेटलंडजवळच्या समुद्रात तेल लागले, सलम व्हो येथे मोठे तेलकेंद्र उभे राहिले आणि बायकांना विणकामाहून कितीतरी अधिक पगाराची कामे मिळू लागली. हे चांगलेच झाले. गरिबीमुळे विणावे लागणे ही काही जपण्याजोगी परंपरा नव्हे. पण त्याबरोबर विणणारे हात कमी झाले. २०१० च्या सुमारास शाळांतून विणकामाचे तासही बंद पडले. तेव्हा बेटांवरील जाणत्या विणकरणींनी मुलांना स्वेच्छेने शिकवण्याचे काम अंगावर घेतले. त्याच वर्षी, २०१० मध्ये, शेटलंडला ‘लोकर सप्ताह’ सुरू झाला. देशोदेशीचे विणणारे तेथे येतात, शेतकऱ्याची मेंढी पाहतात, म्हाताऱ्या विणकरणीकडून टाका शिकतात आणि लहान दुकानातून लोकर घेऊन जातात. २०११ मध्ये ‘मूळ शेटलंड लोकर’ या नावाला युरोपीय संघाने भौगोलिक संरक्षणही दिले. या सर्व गोष्टींत एक समान सूत्र आहे. विणणाऱ्यांना विणणाऱ्यांनीच हात दिला.

लिहिणारी विणकरीण

आधार केवळ पैशाचा नसतो, ज्ञानाचाही असतो. याचे उत्तम उदाहरण एलिझाबेथ झिमरमन हिचे. १९१० मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेली ही बाई पुढे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात स्थायिक झाली. तिने नॉर्वेच्या धर्तीचा एक स्वेटर गोल विणून एका मासिकाला पाठवला. मासिकाने तो छापला, पण कृती बदलून सपाट, सुलट-उलट विणण्याची करून टाकली. तिला हे रुचले नाही. तेव्हा १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिने स्वतःचीच एक छोटी पत्रिका काढली, टपालाने लोकर विकायला सुरुवात केली आणि १९५९ पासून ‘स्कूलहाउस प्रेस’ या नावाने तो उद्योग चालवला. १९७१ मध्ये तिचे ‘निटिंग विदाउट टीअर्स’ हे पुस्तक निघाले. तिचा मृत्यू १९९९ मध्ये झाला, पण तिची रीत अजून चालते.

तिची रीत काय होती? तिने गणित शिकवले. अंगाच्या घेराचे टाके म्हणजे शंभर टक्के धरावेत, मनगटाशी त्याचे साधारण २० टक्के, दंडाशी सुमारे ३३ टक्के आणि गळ्याशी ४० टक्के. एवढे कळले की कोणत्याही जाडीच्या लोकरीचा, कोणत्याही मापाचा स्वेटर विणणारीला स्वतः आखता येतो. म्हणजे तिने आपल्या वाचकांना आपल्यावर अवलंबून ठेवले नाही, मोकळे केले. आणि एखादी नवी युक्ती सुचली, तर ‘मी शोधून काढली’ असे म्हणायला ती तयार नसे. जगात कोठेतरी कोणीतरी हे आधीच केले असणार, असे ती मानी. ज्ञान घेताना आणि देताना असावा असा हा विनय आहे. शेटलंडचा दुकानदार आणि ही पत्रिकावाली, दोघेही लोकरीचा धंदा करणारेच. एकाचा धंदा गिऱ्हाइकाच्या असहायतेवर उभा होता, दुसरीचा तिच्या जाणतेपणावर.

आपण काय करावे

महाराष्ट्रात थंडी बेताची. त्यामुळे आपला विणकामाचा संसार लहान बाळाचे टोपडे, मोजे, नवऱ्याचा बिनबाह्यांचा स्वेटर असा आटोपशीर. थंडीच्या दिवसांत तिबेटी निर्वासितांचे स्वेटरबाजार आपल्या शहरांतून लागतात, त्यांतील बराचसा माल लुधियानाच्या यंत्रांवरचा असतो. तो स्वस्त आणि ऊबदार असतो, आणि ज्याला ऊब हवी आहे त्याने तो जरूर घ्यावा. गरजवंताने महाग हस्तकला विकत घ्यावी असा उपदेश करणे म्हणजे निव्वळ मानभावीपणा होय. येथे प्रश्न आहे तो, आपल्यापैकी जे विणतात, जे विणकामाचे कौतुक करतात आणि ज्यांना थोडे अधिक मोजणे परवडते, त्यांचा.

शेटलंडच्या अनुभवावरून अशा मंडळींसाठी चार गोष्टी सांगता येतील.

पहिली, दाम रोख द्यावा आणि तो आधी ठरवावा. विणून देणाऱ्या काकूंना ‘लोकर मी आणून देते, तुम्ही काय ते विणा’ म्हणून शेवटी साडीचा खण हातावर ठेवणे, ही आपली घरगुती ‘ट्रक’ पद्धतच आहे. खण जरूर द्यावा, पण मजुरीच्या जागी नव्हे.

दुसरी, दुसऱ्याने आखलेला नमुना फुकट उचलू नये. एखादीने टाके मोजून, चार वेळा उसवून वीण बसवलेली असते. तिच्या पुस्तिकेची एक प्रत घेऊन वर्गातल्या दहा जणींनी झेरॉक्स काढल्या, तर नऊ पुस्तिका विकल्या जात नाहीत आणि दहावी पुस्तिका ती लिहीतच नाही. नमुना ज्याचा असेल त्याचे नाव सांगावे, ही तर बिनपैशाची गोष्ट आहे.

तिसरी, ज्या दुकानात शिकतो त्याच दुकानात घ्यावे. लहान दुकानात तासभर रंग पारखायचे, टाका विचारून घ्यायचा आणि लोकर मात्र दुसरीकडून पाच रुपयांनी स्वस्त आणायची, यात पाच रुपये वाचतात आणि दुकान जाते. अर्थात दुकानदारानेही लॉट लपवू नये, जुनी लोकर नवी म्हणून देऊ नये. हा व्यवहार दोन्ही हातांनी होतो.

चौथी, एकीने दुसरीला शिकवावे आणि दुसरीचे काम चारचौघांत नावानिशी सांगावे. आपल्याकडे एक गैरसमज आहे, की दुसऱ्या कारागिराची वाखाणणी केली तर आपले गिऱ्हाईक जाते. शेटलंडचा लोकर सप्ताह उलटे सांगतो. विणणाऱ्या जितक्या अधिक, तितकी दुकाने अधिक काळ टिकतात आणि तितके नमुने अधिक निघतात. सहकाराची चळवळ ज्या भूमीत रुजली, त्या महाराष्ट्राला हे तत्त्व नवे नाही. साखर आणि दूध यांना जे लागू पडले, ते लोकरीच्या गुंड्याला लागू पडू नये असे कारण नाही.

यावर एक आक्षेप येतो. हे सारे भूतदयेसारखे नाही काय? प्रस्तुत लेखकाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. भूतदयेत देणारा वर आणि घेणारा खाली असतो. येथे दोघेही एकाच ओळीतले टाके आहेत. विणकामाची रचनाच अशी आहे, की प्रत्येक टाका खालच्या टाक्यातून वर येतो आणि वरच्या टाक्याला आधार देतो. एक टाका सुटला तर तेवढाच सुटत नाही, त्याच्याखालची सारी रांग उसवत जाते. आज गावातील एक दुकान, एक शिकवणारी, एक लिहिणारी गळाली, तर उद्या शिकू इच्छिणाऱ्या मुलीला सुई कशी धरावी हे सांगणारे कोणी उरणार नाही. सुटलेला टाका वेळीच दिसला, तर एका साध्या सुईने तो वर उचलता येतो. तो दिसण्यासाठी आपले लक्ष मात्र कामावर हवे.